तंबोरा बागेत, हलगी रस्त्यावर!

रविवारची दुपार आपल्याला कुणी दान दिलेली नाही. सत्यशोधक चळवळीचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, मालकांशी आणि सरकारशी झगडा केला, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी पुढे नेलेल्या कारखाने कायद्यातील दुरुस्तीमुळे १९४६ साली कामगारांच्या आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. आज पुण्यामुंबईतला सुखवस्तू माणूस रविवारी जेवण उरकून, पान खाऊन, निवांत गाणे ऐकायला बसतो, त्या निवांतपणाचा इतिहास हा असा आहे. बसणाऱ्याला तो माहीत नसतो. पण आपल्याला तो माहीत असला पाहिजे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, मागच्या महिन्यात आम्ही आमच्या एका मित्रासोबत पुण्यातल्या काही खाजगी बंगल्यांच्या बागांमध्ये झालेल्या संगीताच्या कार्यक्रमाला गेलो होतो. ही गोष्ट कळल्यावर आम्हाला दोन बाजूंनी दोन प्रश्न विचारले गेले. चळवळीतले काही तरुण सहकारी म्हणाले, "सर, तुम्ही तिथे कशाला? हे सगळे बंगलेवाल्यांचे चोचले. आपली पोरं नोकरीसाठी उपोषणाला बसलीत आणि तुम्ही बागेत गाणी ऐकताय?" दुसऱ्या बाजूने ओळखीतले एक सवर्ण गृहस्थ अगदी समाधानाने म्हणाले, "बघा, गेटवर कुणी जात विचारली का? मग कुठे राहिलीय जात?" हे दोन्ही प्रश्न आमच्या एकट्याचे नाहीत. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या, शहरात राहणाऱ्या प्रत्येक आंबेडकरी तरुणाला आज ना उद्या ते विचारले जाणार आहेत. म्हणून त्यांची उत्तरे जाहीरपणे दिली पाहिजेत.

आधी त्या दुपारी काय झाले ते सांगतो. आमचा मित्र बँकेत नोकरीला आहे. कॉलेजात असल्यापासून तबल्याचा नाद. त्याच्या बँकेतल्या एका मॅडमनी त्याला लिंक पाठवली. एकाच गल्लीतले तीन जुने बंगले, तिघांच्या बागेत एकामागून एक तीन कार्यक्रम, दुपारी तीन ते सहा, माणशी ५०० रुपये. मित्राने दोन जागा नोंदवल्या आणि आम्हाला फोन केला, "येतोस का? शास्त्रीय पण आहे आणि शेवटी हलगी पण आहे."

गल्लीत शिरताना वॉचमनने आम्हाला थांबवले. "कुणाकडे?" आमच्या पुढे गेलेल्या तीन जोडप्यांना त्याने हा प्रश्न विचारला नव्हता. मोबाइलवरची नोंदणी दाखवल्यावर त्याने आत सोडले. त्याच्या मनगटात निळा दोरा होता. आम्ही हळूच "जयभीम" म्हटले, तर तो दचकला, इकडेतिकडे बघितले आणि मग हसून "जयभीम साहेब" म्हणाला. वॉचमनवर आमचा राग नाही. कुणाला विचारायचे आणि कुणाला नाही, हे त्याला नोकरीने शिकवले आहे.

पहिल्या बागेत आंब्याच्या झाडाखाली सतरंज्या अंथरलेल्या होत्या. एक तरुण गायिका तंबोरे जुळवत होती. पंधरा मिनिटे जुळवत होती. लोक शांतपणे बसून ऐकत होते. कुणाची कुरकुर नाही, कारण तंबोरा जुळणे हा मैफिलीचाच भाग आहे हे सगळ्यांना ठाऊक. मग तिने भीमपलास सुरू केला. हा दुपारचा राग. मित्र कानाशी पुटपुटला, "बघ, यांची पण दुपार भीमाशिवाय होत नाही." आम्हाला हसू आवरेना. पण खरे सांगायचे तर ती फार चांगली गायली. स्वर लावून तो धरून ठेवण्याची तिची ताकद होती आणि मित्र मांडीवर ताल धरून बसला होता, त्याचे डोळे मिटलेले. दुसऱ्या बागेत बासरी आणि तबला. तिथे तबलजीने एक तुकडा वाजवल्यावर मित्राच्या तोंडून इतकी जोरात दाद गेली की पुढच्या रांगेतल्या आजींनी मागे वळून पाहिले आणि त्याही हसल्या.

तिसऱ्या बागेत 'लोकसंगीत फ्यूजन' होते. गिटार, कीबोर्ड, एक गायक आणि हलगी. हलगीवादक साठीच्या आसपासचे, सांगली भागातले, पांढरा सदरा घातलेले. त्यांची हलगी खऱ्या चामड्याची होती. अशी हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. जाळावर धरली की चामडे ताणते आणि आवाज चढतो. न शेकलेली हलगी म्हणजे न जुळवलेला तंबोरा. त्यांनी हिरवळीच्या कडेला दोन कागद आणि थोडा पालापाचोळा पेटवायला घेतला, तसे आयोजकांपैकी एक जण धावत आला. "मामा, इथे नको, लॉन जळेल. बाहेर रस्त्यावर करा." मामा काही बोलले नाहीत. हलगी घेऊन गेटबाहेर गेले. वॉचमनने माळ्याचे एक लोखंडी घमेले आणून दिले, त्यात जाळ केला आणि फुटपाथवर उकिडवे बसून मामांनी हलगी शेकली. आम्ही दोघेही बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी उभे राहिलो. मामा म्हणाले, "तापल्याबिगर बोलत न्हाई वो ही."

मित्रांनो, हिरवळ जळू नये ही अपेक्षा चुकीची नाही. पण ते घमेले बागेतच होते. माळ्याच्या झारीशेजारी पडलेले होते. ते हिरवळीवर चार विटांवर ठेवले असते आणि लोकांना सांगितले असते की, हलगी अशी जुळवतात, बघा, तर पंधरा मिनिटे लोकांनी तीही पाहिली असती. हे कुणाला सुचले नाही. तंबोरा बागेत जुळतो आणि हलगी रस्त्यावर तापते. यात कुणी कुणाला शिवी दिलेली नाही, कुणी कुणाचा जाणूनबुजून अपमान केलेला नाही. तरीही आत काय शोभते आणि बाहेर काय करायचे, याचा निर्णय कुणालाही विचार न करता घेता आला. विचार न करता घेता येणाऱ्या अशा निर्णयांतच जात राहते.

पुढे निवेदकाने कलाकारांची ओळख करून दिली. गिटारवादक कुठे शिकला, गायकाचे गुरू कोण, गुरूंचे घराणे कोणते, हे सगळे सांगून झाले. आणि मग "हलगीवर आपले मामा!" टाळ्या. मामांना नाव नाही? त्यांना वाजवायला शिकवले त्या बापाला, चुलत्याला नाव नाही? कार्यक्रमाच्या पाटीवर चार नावे आणि खाली 'आणि साथीदार'. पण वाजायला लागल्यावर चित्र उलटे झाले. दहा मिनिटांत सगळी बाग हलगीवर डोलत होती, गिटार कुठल्या कुठे राहिली होती. संपल्यावर आम्ही मामांना मानधनाचे विचारले. ते म्हणाले, "जाताना पाकिटात देत्यात. किती हाय ते गाडीत बसल्यावर कळतं."

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हे चोचले आहेत का?

आम्ही स्पष्ट सांगतो, नाहीत. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर जे पुस्तक लिहिले, त्यात गांधीवादावर एक प्रकरण आहे. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीवादाला तिथे बाबासाहेबांनी जे उत्तर दिले आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, पशू आणि माणूस यांच्यात फरक आहे तो संस्कृतीचा, आणि पोटासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय संस्कृती मिळत नाही. म्हणून माणसाचे कष्ट कमी करणारे यंत्र हवे, आणि त्या यंत्राचा फायदा काही थोड्यांना नाही तर सगळ्यांना मिळेल अशी समाजरचना हवी. म्हणजे फुरसत हा बाबासाहेबांच्या विचारातला किरकोळ मुद्दा नाही, तो माणूसपणाचा मुद्दा आहे. आणि कामाचे तास कमी करणारे तेच होते. ज्यांनी आपल्याला दुपार मिळवून दिली, त्यांनी ती दुपार अपराधी भावनेने घालवा असे सांगितलेले नाही. स्वतः बाबासाहेबांना उतारवयात व्हायोलिन शिकण्याचा छंद लागला होता. घटनेचे काम, पक्षाचे काम, धम्माचे वाचन आणि ढासळती तब्येत हे सगळे असताना त्यांनी हातात गज धरला. मग आमच्या मित्राने रविवारी दोन तास तबला ऐकला तर चळवळीचे काय बुडाले?

उलट आम्ही असे म्हणतो की, ऐकण्याच्या बाबतीत आपला वारसा फार मोठा आहे. आंबेडकरी जलसे आठवा. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव, चाळीचाळीत जलसे केले. बाबासाहेबांची दहा भाषणे आणि जलशाचा एक कार्यक्रम सारखाच, असे खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचे जलसाकार अभिमानाने सांगत आले. वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि २००४ साली जाईपर्यंत वस्त्यावस्त्यांत गात राहिले. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी, संविधान दिनी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांचा जयघोष करतानाच मंचावर कोसळले आणि गेले. या लोकांनी आपल्या आईबापांना अक्षर शिकवण्याआधी विचार शिकवला, तो कानातून शिकवला. ज्या समाजाने कानातून क्रांती ऐकली, त्या समाजाला गाणे ऐकणे म्हणजे चोचले असे कसे म्हणता येईल? गाणे चोचला नाही. गाण्याला भिंत घालणे हा चोचला आहे.

इथूनच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. गेटवर कुणी जात विचारली का? नाही विचारली. विचारायची गरजच नव्हती. ती त्याआधीच विचारून झालेली असते. त्या कार्यक्रमाची जाहिरात कुठल्या चौकात नव्हती, वर्तमानपत्रात नव्हती, रेल्वे स्टेशनवर नव्हती. ती ओळखीतून ओळखीत गेली. सोसायटीच्या गटात, शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटात, गाण्याच्या क्लासच्या गटात. आपल्या देशात ओळखी कुणाच्या कुणाशी असतात? शेजार कुणाला कुणाचा मिळतो? घर भाड्याने घेताना आडनाव विचारून 'कळवतो' म्हणणारे मालक आपल्यातल्या कित्येकांनी पाहिले आहेत. ओळखीतून जाणारे आमंत्रण हे जातीतून जाणारे आमंत्रण असते. मित्राला लिंक मिळाली कारण तो बँकेत आहे, आणि बँकेत तो आरक्षणामुळे आहे. तिथपर्यंतचा दरवाजा संविधानाने उघडला. बाकी सगळे दरवाजे ओळखीचे आहेत.

यावर एक उत्तर ठरलेले असते, आणि ते आपण नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यात काही अंशी तथ्य आहे. उत्तर असे की, "अहो, बाग त्यांची, घर त्यांचे. त्यांनी कुणाला बोलवायचे हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे." बरोबर आहे. आपल्या घरी चहाला कुणाला बोलवावे हे सांगायला कुठलाही कायदा येत नाही आणि येऊही नये. आपल्या घरातही तसा कायदा नको आहे. पण 'खाजगी' हा शब्द कुणी, कधी आणि कशासाठी वापरला, याचा इतिहास आपल्याकडे आहे. तो विसरून चालणार नाही.

महाडच्या सत्याग्रहाचे आपण दरवर्षी स्मरण करतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. पण त्यानंतर सवर्णांनी कोर्टात काय मागणी केली, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला आणि म्हटले की, चवदार तळे हे स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे आहे! ज्या तळ्यावर गावातली जनावरे पाणी पीत होती, जे तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते आणि १९२४ साली नगरपालिकेने ठराव करून अस्पृश्यांना खुले केले होते, ते अस्पृश्य पाण्याला शिवताच एकाएकी खाजगी झाले. हा दावा दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. तळे खाजगी नाही, आणि अनादी काळापासून चालत आलेली म्हणून सांगितलेली बंदीची रूढीही सिद्ध होत नाही, असा निकाल लागला.

यातून काय शिकायचे? जातीला जेव्हा उघडपणे 'तू येऊ नकोस' असे म्हणता येत नाही, तेव्हा ती 'हे आमचे खाजगी आहे' असे म्हणते. शाळा सरकारी होती तेव्हा सगळे एका शाळेत. आपली पोरे त्या शाळेत आली तशी शाळा खाजगी झाली. बागही त्याच वाटेने चालली आहे. संगीताचेच पाहा. एके काळी रागसंगीत राजेरजवाड्यांच्या दरबारात आणि श्रीमंतांच्या महालात कोंडलेले होते. विष्णू दिगंबर पलुस्करांसारख्यांनी ते तिकीट लावून सर्वसामान्यांपुढे आणले, १९०१ साली लाहोरला संगीताची शाळा काढली. ते संगीत सर्व जातींपर्यंत पोचले असे आम्ही म्हणणार नाही, पण महालातून निघून सभागृहात आले हे खरे. तिकीट काढणाऱ्याला सभागृहात कुणी 'कुणाकडे?' असे विचारत नाही. आता तेच गाणे पुन्हा दिवाणखान्यात आणि बागेत परत चालले आहे. सभागृहात आवाज चांगला नसतो, गर्दी असते, 'वातावरण' नसते, अशी कारणे दिली जातात. कारणे खरीही असतील. पण हा प्रवास कुठल्या दिशेला आहे ते आपण ओळखले पाहिजे.

कायदा याबाबत काय म्हणतो, हेही तरुणांनी जाणून घ्यावे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही सार्वजनिक करमणुकीच्या जागी प्रवेश नाकारता येत नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा सार्वजनिक करमणुकीच्या जागेची व्याख्या करतो ती अशी की, जिथे लोकांना प्रवेश दिला जातो आणि जिथे करमणुकीचा कार्यक्रम होतो, अशी कोणतीही जागा. जागा कुणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही. म्हणजे ५०० रुपये घेऊन लोकांना आत सोडणारी बाग स्वतःला 'आमचे घर' म्हणवून सुटू शकत नाही. अस्पृश्यता पाळून तिथे कुणाला अडवले तर तो गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातिवाचक अपमान 'सार्वजनिक दृष्टिक्षेपात' झाला पाहिजे अशी अट आहे. या शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न २००८ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने जे उदाहरण दिले, ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. न्यायालय म्हणाले की, घराबाहेरची हिरवळ जर कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून दिसत असेल, तर ती जागा खाजगी असली तरी सार्वजनिक दृष्टिक्षेपातच आहे. जागा खाजगी असणे वेगळे आणि ती लोकांच्या नजरेत असणे वेगळे. २०२० साली हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक पुन्हा धरला आणि घराच्या चार भिंतींच्या आत, कुणी बाहेरचे नसताना जे घडले ते या कलमात बसत नाही असे म्हटले. या निकालावर टीका करता येईल, ती झालेलीही आहे. पण हिरवळीची गोष्ट कायम आहे. बंगल्याची बाग कायद्याच्या नजरेआड नाही.

मात्र कायद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. कायदा अडवणाऱ्याला पकडू शकतो. आमंत्रणच न पाठवणाऱ्याला तो काय करणार? 'मामा' म्हणून नाव गिळणाऱ्याला, हलगी फुटपाथवर पाठवणाऱ्याला कुठले कलम लावणार? इथे कायद्याचे काम संपते आणि चळवळीचे काम सुरू होते.

आणि हे काम किती गंभीर आहे, ते विसरू नका. १६ मे २०१५ रोजी शिर्डीत सागर शेजवळ या आपल्या तरुणाची हत्या झाली. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, हे त्या वादाचे कारण असल्याचे समोर आले. एका खिशातल्या मोबाइलचा आवाज! तो तरी किती खाजगी असतो? पण तो आवाज यांना सहन झाला नाही. एका बाजूला बंगल्याच्या बागेत लावलेले ध्वनिवर्धक 'संगीत' असतात आणि दुसऱ्या बाजूला आपल्या पोराच्या खिशातली रिंगटोन 'चिथावणी' ठरते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या वेळी ज्यांना ध्वनिप्रदूषणाचे नियम आठवतात, त्यांनी हेही लक्षात ठेवावे की निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा सर्वांनाच आहे, बंगल्याच्या हिरवळीलाही आहे. आम्ही नियम मोडा असे म्हणत नाही. नियम सगळ्यांना सारखा लावा, एवढेच म्हणतो. कुणाचा आवाज कला आणि कुणाचा आवाज त्रास, हे जोवर जात ठरवते आहे तोवर बागेतली एक दुपार ही केवळ करमणूक नसते.

आता आपल्यातल्याच एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. काही जण म्हणतील, हलगीचे एवढे कौतुक कशाला? ती तर गुलामीची खूण. आपल्या बापजाद्यांनी गावकीची कामे सोडली तेव्हा कित्येक ठिकाणी हलगीही खुंटीला टांगली, ते स्वाभिमानासाठी. हा आक्षेप खरा आहे आणि त्या स्वाभिमानाला आम्ही मानाचा मुजरा करतो. पण त्यांनी नाकारले ते काय? वाद्य नाकारले की वाजवण्याची सक्ती नाकारली? पाटलाने बोलावले की जायचे, प्रेतापुढे वाजवायचे, जत्रेत वाजवायचे, बदल्यात शिळे अन्न घ्यायचे आणि नाव मात्र जातीचे लावून घ्यायचे, हे त्यांनी नाकारले. नाव, मोबदला आणि नकार देण्याचा हक्क हे तिन्ही नव्हते म्हणून ती गुलामी होती. त्या बागेत मामांकडे यातले काय होते? नकार देता येत होता, एवढा फरक पडला. नाव नव्हते आणि मोबदला किती ते माहीत नव्हते. म्हणजे बलुत्याचे पाकीट झाले, पण ठरवणारा हात तोच राहिला. आपली लढाई हलगीशी नाही, त्या हाताशी आहे. तमिळनाडूत पराई या वाद्याचेही असेच झाले होते. मरणाचे वाद्य म्हणून ते हिणवले गेले. पण तिथल्या आंबेडकरी तरुणांनी ते अभिमानाने हातात घेतले आणि २०१८ साली चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह'च्या मंचावर पराई, गाना आणि गिटार एका रांगेत उभे राहिले. तिथे पराईवाला कुणाचा साथीदार नव्हता.

मग आपण करायचे काय? बहिष्कार घालायचा का? आम्हाला तसे वाटत नाही. उपकृत होऊन टाळ्या वाजवत बसायचे का? तेही नाही. आमच्या मते चार गोष्टी केल्या पाहिजेत.

एक, जिथे गाणे चालू आहे तिथे बिनदिक्कत जा. तिकीट असेल तर काढा, मित्राला घेऊन जा, पुढच्या रांगेत बसा, आवडले तर मोठ्याने दाद द्या. राग कळत नाही म्हणून मागे राहू नका. राग जन्माने कुणालाच कळत नाही, तो ऐकून ऐकून कळतो, आणि ऐकायला न मिळणे हीच तर आपली तक्रार आहे.

दोन, नाव विचारा. मंचावर आपल्या समाजाचे वाद्य आणि आपला वादक दिसला आणि त्याचे नाव घेतले गेले नाही, तर कार्यक्रम संपल्यावर आयोजकाकडे जाऊन शांतपणे विचारा की यांचे पूर्ण नाव काय, हे कुणाकडे शिकले, यांचे मानधन आधी ठरले होते का. आम्ही त्या दिवशी विचारले. आयोजक थोडे वरमले. त्यांनी माइक हातात घेऊन मामांचे पूर्ण नाव आणि गाव जाहीर केले. ते नाव आम्ही इथे लिहीत नाही, कारण त्यांची परवानगी आम्ही घेतलेली नाही. पण त्या बागेतल्या शंभरेक लोकांनी ते ऐकले. भांडण झाले नाही, फक्त प्रश्न विचारावा लागला.

तीन, आपल्या जागा गाण्यासाठी उघडा. प्रत्येक शहरात आपली बुद्धविहारे आहेत, समाजमंदिरे आहेत, वस्तीतले ओटे आणि मैदाने आहेत. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडले तर तिथे किती दिवस गाणे असते? महिन्यातला एक रविवार ठरवा. दुपारी चारला वस्तीतल्या पिंपळाखाली सतरंजी टाका. एक शाहीर बोलवा, एक तबला शिकणारी मुलगी बोलवा, एक हलगीवादक बोलवा, आणि बंगल्यात गाणाऱ्या त्या गायिकेलाही बोलवा. ती येईल. चेन्नईत टी. एम. कृष्णा यांच्यासारख्या नामवंत कर्नाटक गायकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ पासून ऊरूर ओल्कोट कुप्पम या कोळीवस्तीत उत्सव भरवून हे करून दाखवले. तिथे कर्नाटक संगीतही झाले आणि पराईही झाली. आपण पुढाकार घेतला तर इथेही होईल, आणि यजमान आपण असू. आमंत्रण कुणाला द्यायचे हे आपण ठरवू, आणि आपले आमंत्रण चौकातल्या फलकावर लिहिलेले असेल.

चार, आपल्या कलावंतांना पैसे द्या, आणि आधी ठरवून द्या. इथे आपल्यालाही कडक शब्दांत सांगितले पाहिजे. डीजेला हजारो रुपये मोजणारी जयंती मंडळे शाहिराला शाल आणि नारळ देऊन वाटेला लावतात, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कलावंताचा मोबदला पाकिटात कोंबणारा बंगलेवाला आणि शाल पांघरून मोकळे होणारे मंडळ यांच्यात शाहिराच्या घरच्या चुलीच्या दृष्टीने काही फरक नाही.

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. ज्याला मंदिरात जाता आले नाही तो दुसऱ्यांच्या भिंती बांधताना मेला, आणि त्याचे अभंग मात्र भिंतीच्या आतले लोक सातशे वर्षे गात आहेत. आपले गाणे आत आणि आपण बाहेर, ही व्यवस्था इतकी जुनी आहे. ती बागेत चालणार नाही, सभागृहात चालणार नाही आणि आपल्या मंडळातही चालणार नाही, हे आता आपल्या पिढीने ठरवायचे आहे. येत्या महिन्यातला एक रविवार ठरवा. जाळासाठी घमेले आणायला विसरू नका. हलगी मंचाशेजारीच शेकायची आहे.

जयभीम!